कॅपॅसिटर किती, कुठं आणि कधी?

या वेळच्या पत्रांमध्ये पॉवर फॅक्टरचा, म्हणजे ओढलेल्या विजेपैकी किती कामाला लागते याचा, विषय इतका आला की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकासाठी राखून ठेवले आहेत. बहुतेकांना एकच हवं आहे : कॅपॅसिटरचा आकडा. तो काढता येतो, पण बिल आणि मीटर न पाहता सांगितलेला आकडा विकणाऱ्याच्या सोयीचा असतो. म्हणून सुरुवात बिलापासून करतो.

प्रश्न : कुटबणच्या धक्क्याजवळ आमचा बर्फाचा कारखाना आहे. एका महिन्याच्या बिलावर २१,६०० केडब्ल्यूएच, ३०,००० केव्हीएएच आणि कमाल मागणी ५५ केव्हीए दिसते. आमचा वायरमन म्हणतो, ५० केव्हीएआरचा एक कॅपॅसिटर मेनवर कायमचा जोडून टाका, कटकट मिटेल. जोडू का? (वाचक, कुटबण)

उत्तर : जोडू नका. कटकट मिटणार नाही, फक्त बाजू बदलेल.

आधी आकडे वाचू. केडब्ल्यूएच म्हणजे खरी कामाला लागलेली वीज, आपलं नेहमीचं युनिट. केव्हीएएच म्हणजे लाइनवरून एकूण ओढलेली, आणि केव्हीए म्हणजे एका वेळी जेवढी ओढली तेवढी. २१,६०० ला ३०,००० ने भागलं की ०.७२ येतो. हा तुमचा महिन्याचा सरासरी पॉवर फॅक्टर. कॉम्प्रेसर, कंडेन्सरचा पंप, ब्राइन ढवळणारी मोटर यांना फिरण्यासाठी आधी स्वतःच्या आत चुंबकत्व उभं करावं लागतं. ५० हर्ट्झच्या पुरवठ्यात ही चुंबकीय ऊर्जा सेकंदाला १०० वेळा मोटरमध्ये जाते आणि तितक्याच वेळा परत येते. काम शून्य, पण येण्याजाण्यासाठी करंट लागतो, आणि तो करंट केबल, स्विच, ट्रान्सफॉर्मर सगळ्यांना तापवतो. केव्हीएआर म्हणजे हाच हेलपाटा. कॅपॅसिटर तो मोटरच्या शेजारच्या शेजारी करू देतो, एवढंच त्याचं काम. मोटर जेवढे किलोवॉट ओढत होती तेवढेच ओढत राहते.

आता हिशेब. ५५ केव्हीए गुणिले ०.७२ म्हणजे गर्दीच्या वेळी साधारण ४० किलोवॉट. ०.७२ पॉवर फॅक्टरला दर किलोवॉटमागे ०.९६४ केव्हीएआर लागतात, ०.९८ ला ०.२०३. फरक ०.७६१, त्याला ४० ने गुणलं की ३०.४ केव्हीएआर. ०.९५ वर थांबायचं असेल तर दर किलोवॉटमागे ०.३२९ धरा, म्हणजे २५.४ केव्हीएआर पुरतात. आकारणी केव्हीएएचवर असेल तर ०.९८ च गाठा, कारण तिथं वरचा प्रत्येक अंश पैशात उतरतो : २१,६०० केडब्ल्यूएचला ३०,००० ऐवजी सुमारे २२,०४० केव्हीएएच मोजले जातील. कमाल मागणीही ५५ वरून ४१ केव्हीएच्या आसपास येईल. आकारणी नुसत्या केडब्ल्यूएचवर असेल तर फायदा मागणी आकारात आणि पॉवर फॅक्टरच्या दंड-सवलतीत शोधा. युनिटं कमी होतील ही आशा ठेवू नका. कोणती पद्धत लागू आहे हे तुमच्या बिलातल्या ऊर्जा आकाराच्या ओळीवरून आणि संयुक्त वीज नियामक आयोगाने गोव्यासाठी काढलेल्या चालू दरपत्रकावरून कळतं. बसवणाऱ्या कंत्राटदाराच्या तोंडी माहितीवर जाऊ नका.

इथं एक खाच आहे. ३०.४ हा आकडा ४१५ व्होल्टला हवा. बाजारात मिळणाऱ्या कॅपॅसिटरवरचा आकडा बहुधा ४४० व्होल्टचा असतो, आणि केव्हीएआर व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे घसरतात. ४४० चा कॅपॅसिटर ४१५ वर छापील क्षमतेच्या ८९ टक्केच देतो. म्हणून ३०.४ भागिले ०.८९, म्हणजे ३४. घ्यायचे ३५ केव्हीएआर.

५० केव्हीएआर कायमचा का नको? १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी असते. ट्रॉलर धक्क्याला, बर्फाला गिऱ्हाईक नाही, आणि तुमचा भार समजा ५ किलोवॉटवर आला. त्याला स्वतःला ५ केव्हीएआरसुद्धा नकोत. ५० चा कॅपॅसिटर मात्र ४१५ व्होल्टला साडेचव्वेचाळीस देत बसेल. उरलेले सुमारे ४० केव्हीएआर उलट्या दिशेने लाइनवर जातील आणि पॉवर फॅक्टर ०.१२ होईल, लीडिंग बाजूचा (लीड म्हणजे करंट व्होल्टेजच्या पुढे; मोटरींमुळे तो मागे राहतो, ते लॅग). कॅपॅसिटर नसता तर जिथं १० अँपिअर पुरले असते तिथं ५५ वाहतील. मीटर लॅग आणि लीड दोन्ही मोजणारा असेल तर हे सगळं केव्हीएएचमध्ये चढतं. मीटर कोणत्या पद्धतीवर लावला आहे ते वीज खात्याच्या उपविभागीय कार्यालयात विचारून घ्या. हा प्रश्न फार थोडे ग्राहक विचारतात.

तेव्हा स्वयंचलित पॅनेल घ्या. त्यातला कंट्रोलर गरजेप्रमाणे कॅपॅसिटरच्या पायऱ्या घालतो आणि काढतो. वाटणी २.५, २.५, ५, १० आणि १५ अशी करा. बेरीज ३५ होते आणि अडीच-अडीचच्या पायऱ्यांनी कुठंही थांबता येतं. सात सारख्या ५ च्या पायऱ्याही चालतात, पण बंदीच्या दिवसांत ५ ची पायरी मोठी पडते : एक घातली की लीड, काढली की लॅग, आणि कॉन्टॅक्टर (पायरी जोडणारा-सोडणारा स्विच) दिवसभर टकटक करत राहतो.

१५ केव्हीएआरच्या पायरीला ४४० व्होल्टवर २० अँपिअर येतात. फ्यूज आणि केबल दीडपटीच्या हिशेबाने धरा : ३२ अँपिअर एचआरसी फ्यूज, ६ चौरस मिलिमीटर तांब्याची केबल. कॉन्टॅक्टर कॅपॅसिटर-ड्यूटीचाच हवा, ज्याच्या डोक्यावर रोधक तारांची छोटी जोडणी असते. रिकामा कॅपॅसिटर, शेजारी भरलेले कॅपॅसिटर चालू असताना जोडला की पहिल्या क्षणी नेहमीच्या शंभरपटीहून जास्त करंट येऊ शकतो. साध्या मोटर कॉन्टॅक्टरचे पॉइंट त्यात चिकटतात, मग ती पायरी सुटतच नाही आणि कंट्रोलरला ते कळतही नाही.

सगळ्यात जास्त चुका सीटी (केबलमधला करंट मोजून कंट्रोलरला कळवणारा छोटा ट्रान्सफॉर्मर) बसवताना होतात. तुमचा पूर्ण भार ७७ अँपिअर, म्हणजे १००/५ चा सीटी. तो येणाऱ्या मुख्य केबलवर, कॅपॅसिटर पॅनेलची फांदी फुटण्याच्या आधी हवा, म्हणजे त्याला भार आणि कॅपॅसिटर दोन्ही दिसतात. फांदीच्या पुढे, नुसत्या भारावर बसवला तर कॅपॅसिटर घातल्याचा परिणाम कंट्रोलरला दिसत नाही. तो एकामागून एक सगळ्या पायऱ्या घालत सुटतो. कॅपॅसिटरच्या फांदीवर बसवला तर त्याला भारच दिसत नाही. तिसरी चूक फेजची : सीटी आर फेजवर असेल तर बहुतेक कंट्रोलरना व्होल्टेज वाय आणि बी मधून द्यायचं असतं, जोडणीची आकृती पाहून खात्री करा. मोटरी चालू, कॅपॅसिटर सगळे बंद, आणि तरी पडद्यावर 'लीड' दिसतंय, तर सीटीच्या दोन तारा उलट्या आहेत किंवा फेज चुकली आहे. तारा बदलताना आधी सीटी शॉर्ट करा. भार चालू असताना सीटीची तार उघडी राहिली तर टोकांवर जीवघेणं व्होल्टेज येतं.

पायरी सुटल्यावर पुन्हा लागेपर्यंत किमान ६० सेकंद ठेवा. लक्ष्य ०.९८ लॅग; १.०० नको, कारण मग कंट्रोलर दोन्ही बाजूंना झोके घेतो.

आणि खरेदीपूर्वी एक गोष्ट फुकटची. ०.७२ ही महिन्याची सरासरी आहे, गर्दीच्या तासाचा आकडा नाही. एका दिवसात चार-पाच वेळा मीटरच्या पडद्यावरचे किलोवॉट आणि पॉवर फॅक्टर लिहून काढा, रात्रीचाही एक. गरजेपेक्षा मोठी मोटर अर्ध्या भारावर फिरत असेल तर सरासरी तिच्यामुळेच पडली असेल. ती बदलली तर कॅपॅसिटर तेवढा कमी लागेल.

प्रश्न : दारावर एक विक्रेता आला होता. प्लगमध्ये लावायचा छोटा डबा, पॉवर फॅक्टर सुधारतो आणि घरचं बिल तीस टक्के कमी होतं म्हणाला. घ्यावा का? (वाचक, म्हापसा)

उत्तर : घेऊ नका. घरगुती मीटर केडब्ल्यूएच मोजतो, आणि कॅपॅसिटरने केडब्ल्यूएच कमी होत नाहीत. असल्या डब्यात साधारणपणे चार-पाच मायक्रोफॅरडचा एक कॅपॅसिटर, एक रोधक आणि एक हिरवा दिवा असतो. ५ मायक्रोफॅरड २३० व्होल्टला ८३ व्हीएआर देतो. फ्रीजच्या कॉम्प्रेसरलासुद्धा तो अपुरा. विक्रेता क्लॅम्प मीटरवर अँपिअर उतरलेले दाखवतो आणि ते खरंच उतरतात, फक्त बिल अँपिअरचं येत नाही. पडताळायचं असेल तर मीटरवरचा लाल दिवा बघा. त्याच्याशेजारी दर युनिटला किती लुकलुक ते छापलेलं असतं, उदाहरणार्थ ३२००. घरात एकच पंखा आणि फ्रीज चालू ठेवून २० लुकलुकींना किती सेकंद लागतात ते डबा लावून आणि काढून मोजा. मध्येच फ्रीज बंद पडला तर पुन्हा मोजा. सेकंद तेवढेच राहतील.

प्रश्न : कुंडईला आमचं फॅब्रिकेशन आणि मशीनिंगचं युनिट आहे. २५० केव्हीएचा स्वतःचा ट्रान्सफॉर्मर, १२५ केव्हीएआरचं स्वयंचलित पॅनेल. सीएनसी आणि ड्राइव्हवरच्या मोटरी वाढल्यापासून कॅपॅसिटर फुगतात, फ्यूज उडतात. दोनदा कॅपॅसिटर बदलले. माल खराब मिळतोय का? (वाचक, कुंडई)

उत्तर : माल खराब असू शकतो, पण तुमच्या वर्णनावरून संशय हार्मोनिक्सवर, म्हणजे ५० हर्ट्झच्या पटीतल्या करंटवर, जातो.

ड्राइव्ह म्हणजे व्हीएफडी (मोटरचा वेग कमीजास्त करणारं उपकरण) करंट सलग घेत नाही, लचके तोडल्यासारखा घेतो. नेहमीचा सहा डायोडचा ड्राइव्ह ५० हर्ट्झबरोबर त्याच्या पाचव्या, सातव्या, अकराव्या, तेराव्या पटीचे करंट लाइनवर सोडतो. २५० आणि ३५० हर्ट्झचे सगळ्यात मोठे. कॅपॅसिटर जितकी वारंवारता जास्त तितका कमी विरोध करतो, त्यामुळे हे करंट त्याच्याकडेच वळतात. त्यात ट्रान्सफॉर्मरचं इंडक्टन्स आणि तुमचे कॅपॅसिटर मिळून एका ठराविक वारंवारतेला घुमू लागतात. ती कुठं पडते ते सोप्या भागाकाराने कळतं. ट्रान्सफॉर्मरच्या पाटीवर इम्पिडन्स ४.५ टक्के असेल तर २५० भागिले ०.०४५, म्हणजे शॉर्ट सर्किट क्षमता ५,५५५ केव्हीए. याला चालू असलेल्या केव्हीएआरने भागून वर्गमूळ घ्या. ७५ चालू असताना ८.६ येतो, १०० ला ७.४५, १२५ ला ६.६७. म्हणजे पॅनेल शंभरावरून सव्वाशेकडे जाताना सातव्या हार्मोनिकला ओलांडून जातं आणि दोन्ही बाजूंना त्याच्या जवळच उभं राहतं. तुमचं नुकसान पॅनेल पूर्ण भरलेलं असताना होतं का ते बघा; तसं असेल तर हिशेब जुळला.

खात्रीसाठी ट्रू आरएमएस (विकृत करंटही खरा मोजणारा) क्लॅम्प मीटर घ्या. ४४० व्होल्टच्या २५ केव्हीएआर कॅपॅसिटरने ४१५ वर ३१ अँपिअर घ्यायला हवेत. ३८-४० दिसत असतील तर वरचे सगळे हार्मोनिक्सचे. कॅपॅसिटर आपल्या रेटिंगच्या १.३ पट करंट सोसतो असं मानक सांगतं, आणि १.१ पट व्होल्टेज, तेही चोवीस तासांत आठ तास. त्यापलीकडे आतली फिल्म जागोजागी फुटत जाते, वायू होतो, डबा फुगतो. चांगल्या डब्याचं झाकण फुगलं की आतली तार ताणून तुटते आणि पुरवठा बंद होतो. त्यासाठी वर दीड-दोन सेंटिमीटर मोकळी जागा आणि लवचीक तार लागते. ताठ बसबार आवळून बसवलेला डबा फुगू शकत नाही, म्हणून फुटतो. तुमच्या पॅनेलमध्ये हेही तपासा.

उपाय डीट्यून्ड पॅनेलचा. प्रत्येक पायरीला कॅपॅसिटरच्या आधी ७ टक्क्यांची रिॲक्टर कॉइल घातली की जोडीची वारंवारता १८९ हर्ट्झवर येते, म्हणजे पाचव्या हार्मोनिकच्या बरीच खाली, आणि २५० च्या वर घुमायला काही उरत नाही. पण जुनेच ४४० व्होल्टचे कॅपॅसिटर ठेवून नुसत्या कॉइल बसवायला कुणी तयार झाला तर त्याला काम देऊ नका. कॉइलमुळे कॅपॅसिटरवरचं व्होल्टेज साडेसात टक्क्यांनी चढतं : ४१५ चं ४४६, आणि रात्री लाइन ४४० झाली तर ४७३. म्हणून ५२५ व्होल्टचे कॅपॅसिटर घेतात. तेव्हा छापील आकडाही बदलतो. ४१५ व्होल्टला खरे २५ केव्हीएआर मिळवायला ५२५ चा सुमारे ३७ केव्हीएआरचा डबा लागतो. कॉइल आणि कॅपॅसिटर एकाच हिशेबातून आलेली जोडी असायला हवी. अर्ध्या पायऱ्या कॉइलसह आणि अर्ध्या साध्या, अशी काटकसर करू नका : साध्या पायऱ्यांचा घुमणारा बिंदू मग पुन्हा पाचव्या-सातव्याच्या आसपास येऊ शकतो. कॉइल तापतात, तेव्हा त्या वरच्या कप्प्यात आणि पंखा हवाच.

याहून आधी करायची एक गोष्ट आहे आणि ती स्वस्त आहे. ड्राइव्हच्या पॉवर फॅक्टरवर कॅपॅसिटर हा उपायच नाही. ड्राइव्हमध्ये व्होल्टेज-करंटचं अंतर फारसं नसतं, ०.९७ सारखं मिळतं. पण करंटचं विकृतीकरण ८० टक्के असेल तर खरा पॉवर फॅक्टर ०.७६ वर येतो. चोक (करंटचे लचके सौम्य करणारी कॉइल) घालून तेच विकृतीकरण ३५ टक्क्यांवर आणलं की ०.९२. म्हणून मोठ्या ड्राइव्हच्या तोंडाशी ३ ते ५ टक्क्यांचा एसी चोक घाला, किंवा आत डीसी चोक आहे का ते माहितीपुस्तिकेत पाहा. चोक घातल्यावर कॅपॅसिटरची गरज नव्याने मोजा. बहुधा १२५ केव्हीएआर लागणारच नाहीत.

वेल्डिंगचं वेगळं. जुन्या ट्रान्सफॉर्मर सेटचा पॉवर फॅक्टर ०.३ ते ०.५ असतो आणि भार क्षणात येतो-जातो. कॉन्टॅक्टरवरचं पॅनेल त्याच्यामागे धावू शकत नाही. सेटच्याच प्रायमरीवर कॅपॅसिटर बसवा, नाहीतर थायरिस्टरने चालणाऱ्या पायऱ्या घ्या. मला विचाराल तर इन्व्हर्टर सेट घेणं जास्त शहाणपणाचं.

प्रश्न : सत्तरीत आमचं कुळागर आहे. ओढ्यावर ५ एचपीचा थ्री-फेज पंप. शेजारी म्हणतात कॅपॅसिटर लावला की व्होल्टेज वाढतं आणि पंप जास्त पाणी मारतो. खरं का? (वाचक, वाळपईजवळून)

उत्तर : पाण्याचं खरं नाही. व्होल्टेज वाढतं, पण थोडंच. लाइनच्या शेपटाला ३४० व्होल्ट येत असतील तर कॅपॅसिटरने त्याचे ४०० होणार नाहीत. ती तक्रार वीज खात्याकडेच करायची.

तरी लावण्यासारखं आहे. ५ एचपीचा पंप पूर्ण भारावर ०.७५ पॉवर फॅक्टरने साडेआठ-पावणेनऊ अँपिअर घेतो. ४४० व्होल्टचा २ केव्हीएआरचा कॅपॅसिटर लावल्यावर सव्वासात घेईल, पॉवर फॅक्टर ०.८९ होईल. केबलमधला क्षय करंटच्या वर्गाने चालतो, म्हणून तो सुमारे ३० टक्क्यांनी उतरतो. घरापासून ओढ्यापर्यंत अडीचशे मीटर केबल असेल तर हे जाणवतं, पण कॅपॅसिटर पंपापाशी असेल तरच. मीटरजवळ लावला तर तुमच्या केबलला काहीच फायदा नाही. स्टार्टर पंपाशेजारी असेल तर कॅपॅसिटर त्याच्या कॉन्टॅक्टरनंतर जोडा, म्हणजे पंपाबरोबरच चालू-बंद होईल. जोड ओव्हरलोड रिलेच्या आधी असेल तर रिलेला हात लावायला नको. रिलेच्या पुढे, मोटरच्या टोकांवर जोडलात तर रिलेला आता कमी करंट दिसतो. त्याची खूण त्या प्रमाणात खाली आणा, नाहीतर मोटर जळेपर्यंत रिले गप्प बसेल.

जास्त मोठा कॅपॅसिटर घेऊ नका. मर्यादा अशी : मोटर भाराशिवाय जितका चुंबकीकरणाचा करंट घेते त्याच्या ९० टक्के. त्यापुढे गेलं की पुरवठा तुटल्यावर फिरती मोटर आणि कॅपॅसिटर मिळून जनित्र बनतात, टोकांवर चढं व्होल्टेज येतं, आणि त्यात इन्सुलेशन जातं. १० एचपीच्या मोटरचा भाराशिवायचा करंट ५.५ अँपिअर असेल तर ३.९५ केव्हीए, त्याचे ९० टक्के ३.५५, बाजारातला ३ चा घ्यायचा. पंप पाण्याशिवाय चालवून हे मोजू नका, सील जळतात. मोटरच्या पाटीवरून किंवा उत्पादकाच्या तक्त्यातून घ्या. स्टार-डेल्टा स्टार्टर असेल तर कॅपॅसिटर मोटरच्या सहा टोकांवर न लावता वेगळ्या कॉन्टॅक्टरवर, डेल्टा झाल्यावर लागेल असा बसवा.

आणि बोअरवेलच्या सिंगल-फेज पॅनेलमधले कॅपॅसिटर वेगळे. ते मोटर फिरवण्यासाठी आहेत. मूल्य पाटीवर छापलंय तेवढंच ठेवायचं, वाढवायचं नाही.

प्रश्न : कांदोळीला आमचं हॉटेल आहे. गच्चीवर सोलर बसवल्यापासून युनिटं कमी झाली, पण बिलावरचा पॉवर फॅक्टर ०.९० वरून खूप खाली गेला. सोलरवाला म्हणतो त्याची चूक नाही. (वाचक, कांदोळी)

उत्तर : तो बरोबर सांगतोय, आणि अर्धंच सांगतोय. समजा दुपारी तुमचा भार ६० किलोवॉट आणि २९ केव्हीएआर. सोलर ४५ किलोवॉट देतो, पण नुसते किलोवॉट. लाइनवरून आता १५ किलोवॉट आणि तेच २९ केव्हीएआर येतात. पॉवर फॅक्टर ०.४६. एसी, लिफ्ट, कपडे धुण्याची यंत्रं काहीही बिघडलेलं नाही. भागाकाराचा अंश लहान झाला.

इन्व्हर्टर केव्हीएआर देऊ शकतो का ते विचारा. हल्लीचे बहुतेक देतात. ५० केव्हीएचा इन्व्हर्टर ४५ किलोवॉट देत असताना आणखी २१.८ केव्हीएआर देऊ शकतो. मग लाइनवर ७ च्या आसपास उरतात आणि पॉवर फॅक्टर पुन्हा ०.९० होतो, एक डबाही न घेता. सेटिंग बदलण्याआधी नेट मीटरिंगच्या कराराप्रमाणे वीज खात्याला कळवा. उरलेलं काम कॅपॅसिटर पॅनेलला द्यायचं तर त्याचा कंट्रोलर चार क्वाड्रंटचा, म्हणजे दोन्ही दिशांनी वाहणारी वीज ओळखणारा, हवा. साध्या कंट्रोलरला रविवारच्या दुपारी वीज उलटी वाहू लागली की तो गोंधळतो आणि सगळ्या पायऱ्या सोडून तरी देतो किंवा घालून तरी बसतो. सीटी वीज खात्याच्या मीटरच्या बाजूला असावा, सोलरची जोडणी त्याच्या पुढे.

प्रश्न : पावसाळ्यात लाइट गेली की जनरेटर चालतो. तेव्हा कॅपॅसिटर पॅनेल चालू ठेवावं का? (वाचक, वेर्णा)

उत्तर : बंद ठेवा. जनित्र ०.८ लॅगिंगसाठीच बांधलेलं असतं. भार कमी आणि कॅपॅसिटर जास्त झाले की त्याच्या नियंत्रकाच्या हातातून व्होल्टेज सुटतं आणि वर चढत जातं. त्यात आधी इलेक्ट्रॉनिक यंत्रं जातात. चेंजओव्हरचा एक जादा संपर्क कंट्रोलरच्या पुरवठ्यात घ्या, म्हणजे जनरेटरवर गेल्याबरोबर सगळ्या पायऱ्या सुटतील. माणसाच्या आठवणीवर हे सोडू नका.

प्रश्न : कॅपॅसिटर जिवंत आहे की मेला हे बाहेरून कसं ओळखावं? (एक वायरमन, कुडचडे)

उत्तर : आधी चालू असताना क्लॅम्प मीटर लावा. ४४० व्होल्टच्या १० केव्हीएआर डब्याला ४१५ वर तिन्ही फेजमध्ये १२.४ अँपिअर हवेत. तिन्हीत सारखेच पण कमी, समजा ९, तर डबा म्हातारा झालाय. फिल्म झिजत जाते आणि क्षमता उतरते. दोन फेजमध्ये ७ आणि तिसऱ्यात १२, तर आतल्या डेल्टाची (तीन कॅपॅसिटरच्या त्रिकोणी जोडणीची) एक बाजू तुटली आहे. एका फेजमध्ये काहीच नाही आणि उरलेल्या दोन सारख्या, तर फ्यूज किंवा कॉन्टॅक्टरचा पॉइंट बघा.

मग पुरवठा तोडून, कुलूप लावून, पाच मिनिटं थांबा. डिस्चार्जचे रोधक तीन मिनिटांत व्होल्टेज ७५ च्या खाली आणतात, रोधक शाबूत असले तर. म्हणून व्होल्टमीटर लावून बघा, आणि त्यानंतर इन्सुलेटेड दांड्याने रोधकातून टोकं शॉर्ट करा. पेचकस टेकवून ठिणगी पाडायची सवय असेल तर सोडा. तारा काढून कोणत्याही दोन टोकांमध्ये मायक्रोफॅरड मोजा. १० केव्हीएआरला तिन्ही जोड्यांत ८२ च्या आसपास यायला हवेत, २५ ला २०५. ५५, ५५ आणि २७ आले तर एक बाजू गेली. तिन्हीत सारखे पण छापील मूल्यापेक्षा वीस टक्के कमी असतील तर बदलायची वेळ झाली.

किनारपट्टीच्या गावांत, मालीम-कुटबणसारख्या धक्क्यांवर तर नक्कीच, पावसाळा संपल्यावर जोड उघडून बघा. खाऱ्या हवेने पितळी टोकांवर हिरवा थर येतो, जोड तापतो, आणि तापलेल्या जोडाची उष्णता तारेतून डब्यात उतरते. कॅपॅसिटरचं आयुष्य तापमानावर असतं. नेहमीचा डी वर्गाचा डबा भोवतालची हवा ५५ अंशांपर्यंत सोसतो, पण चोवीस तासांची सरासरी ४५ च्या वर जाता कामा नये. पत्र्याच्या शेडमध्ये, पश्चिमेच्या भिंतीला टेकवलेलं, पंख्याची जाळी बुजलेलं पॅनेल मे महिन्यात ही मर्यादा सहज ओलांडतं. थर काढून, कथील लावलेले लग नवे बसवून, उत्पादकाने सांगितलेल्या टॉर्कने आवळा. जास्त आवळलात तर टोकाखालचं सील तडकतं आणि पुढच्या पावसाळ्यात त्यातून ओल आत जाते.